पगार चीनचा, हुकूम ले साहेबाचा

(मुलुंड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



विषय निवडण्याची मोकळीक संयोजकांनी मला दिली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. ‘परकीय साहाय्य आणि राष्ट्रीय सार्वभौमत्व’ असे एखादे भारदस्त शीर्षक घेऊन तासभर बोलता आले असते. अर्थशास्त्राच्या माणसाला ते अवघड नसते. तथापि आज मी आपल्याला एका आरमाराची हकीकत सांगणार आहे. हे आरमार काही महिनेच अस्तित्वात होते. ज्या यादवी युद्धासाठी ते बांधले गेले, त्या युद्धात त्याने भाग घेतलाच नाही. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत त्याला एखादे वाक्यही क्वचितच मिळते. परंतु त्याच्या काही बोटी शेवटी आपल्या मुंबई बंदरात येऊन थांबल्या; आणि त्याचा सरदार पुढे ज्या रेल्वे कंपनीचा मुंबईतील प्रमुख अधिकारी झाला, त्याच कंपनीने टाकलेल्या मार्गावरून आपल्यापैकी बहुतेक जण आज इथवर आले आहेत. तेव्हा विषय दूरचा आहे असे कृपया समजू नये.

चीनमध्ये १८५१ च्या सुमारास ताइपिंग उठाव सुरू झाला. हुंग स्यू-च्वान हा त्याचा नेता. सरकारी परीक्षांत वारंवार नापास झालेला हा खेडवळ शिक्षक स्वतःला येशू ख्रिस्ताचा धाकटा भाऊ मानू लागला, आणि त्याच्यामागे लक्षावधी शेतकरी, खाणकामगार व बेकार हमाल उभे राहिले. १८५३ मध्ये त्यांनी नानकिंग घेतले व तिथे आपली राजधानी केली. जमिनीचे माणशी वाटप व्हावे, अफू बंद व्हावी, मुलींचे पाय बांधण्याची चाल मोडावी, असा त्यांचा कार्यक्रम होता. आपल्या मंडळींना तो ऐकून साहजिकच आनंद होईल. परंतु जमीनवाटपाचा तो कायदा बव्हंशी कागदावरच राहिला आणि नानकिंगच्या राजवाड्यांत नवे सरंजामदार नांदू लागले, हेही सांगितले पाहिजे. खुद्द मार्क्सने १८५३ साली या उठावाकडे मोठ्या आशेने पाहिले होते. १८६२ साली त्याच विषयावर लिहिताना त्याचा सूर अत्यंत कडवट झालेला दिसतो. या यादवीत दोन कोटींहून अधिक माणसे मेली असा अंदाज केला जातो. एकोणिसाव्या शतकातले एवढे भीषण दुसरे यादवी युद्ध नाही.

या युद्धाशी मुंबईचा संबंध काय? पहिला संबंध अफूचा. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे, आणि मुंबईतील कितीतरी धर्मशाळा, इस्पितळे व विद्यालये ज्या संपत्तीतून उभी राहिली तिचा एक मोठा झरा तोच होता. सर जमशेटजी जीजीभाईंच्या दानशूरपणाबद्दल आदर बाळगूनही ही गोष्ट विसरता येत नाही. दुसरा संबंध जहाजांचा. पहिल्या अफूयुद्धानंतर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला, तो ‘कॉर्नवॉलिस’ या ब्रिटिश युद्धनौकेवर. ती नौका १८१३ साली मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी बांधलेली होती. तिसरा संबंध माणसांचा. १८६२ साली शांघायच्या परिसरात ताइपिंगांविरुद्ध जे इंग्रजी सैन्य लढले, त्यात मुंबई इलाख्याची पाचवी देशी पलटण होती. तिचा वारसा सांगणारी तुकडी मराठा लाइट इन्फन्ट्रीत आजही ‘काली पांचवी’ या नावाने ओळखली जाते. आमच्या पलटणी चीनमध्ये कोणाविरुद्ध आणि कोणासाठी लढल्या, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारला नाही.

आता आरमाराकडे येऊ. दुसऱ्या अफूयुद्धात हरल्यावर १८६० मध्ये पेकिंगच्या सरकारने इंग्लंड व फ्रान्स यांना प्रत्येकी ऐंशी लाख टेल इतकी खंडणी देण्याचे कबूल केले. टेल म्हणजे सुमारे सव्वातीन तोळे चांदी. ही रक्कम जकातीच्या उत्पन्नातून फेडावयाची, आणि उत्पन्नाचा पाचवा हिस्सा एकाला, पाचवा हिस्सा दुसऱ्याला द्यावयाचा, असे ठरले. जकात गोळा कोण करणार? तर चिनी सरकारच्या नोकरीत असलेले परकीय अधिकारी. त्यांचा मुख्य होरेशियो नेल्सन ले नावाचा इंग्रज. पोरवयातच तो चीनमध्ये आला होता, भाषा उत्तम शिकला होता, आणि तिशीच्या आतच एका साम्राज्याच्या तिजोरीची किल्ली त्याच्या हाती आली होती. अशा माणसाच्या डोक्यात काय शिरते, ते निराळे सांगावयास नको.

नदीमार्गाने नानकिंगची कोंडी करण्यासाठी वाफेवर चालणाऱ्या बोटी हव्यात, असे राजपुत्र कुंग यांच्या परराष्ट्र कचेरीला, म्हणजे त्सुंग्ली यामेनला, वाटू लागले. ले तेव्हा रजेवर इंग्लंडात होता. त्याच्या जागी काम पाहणाऱ्या रॉबर्ट हार्टने ही कल्पना उचलून धरली, आणि १८६२ मध्ये लेला बोटी विकत घेण्याचा अधिकार देण्यात आला. पैसा अर्थात जकातीचा, म्हणजे चिनी रयतेचा. लेने लहानमोठ्या आठ बोटी जमवल्या. काही नव्या बांधल्या, काही ब्रिटिश नौदलाकडून विकत घेतल्या. ‘मोहॉक’ची ‘पेकिन’ झाली, ‘आफ्रिका’ची ‘चायना’ झाली, ‘जॅस्पर’ची ‘अमॉय’ झाली. इंग्रज प्रजाजनांना परक्या राजाच्या सैन्यात भरती होण्यास कायद्याने मनाई होती. ती ऑगस्ट १८६२ मध्ये खास हुकूम काढून सैल करण्यात आली. सेनापती म्हणून कॅप्टन शेरार्ड ऑस्बॉर्न याची निवड झाली. उत्तर ध्रुवाकडील मोहिमांत आणि चीनच्या युद्धांत नाव कमावलेला हा दर्यावर्दी होता, आणि लेखकही होता. आरमारासाठी निशाणही ठरले: हिरवी भूमी आणि तीवर पिवळी तिरपी फुली. हे निशाण लेने ठरवले. ज्या देशाचे आरमार, त्या देशाला निशाणही निवडता आले नाही, ही गोष्ट पुढच्या साऱ्या प्रकरणाची नांदी म्हणावी लागेल.

आता मी ज्या कागदासाठी हा विषय निवडला, त्या कागदाकडे वळतो. १६ जानेवारी १८६३ रोजी ले आणि ऑस्बॉर्न यांच्यात एक करारनामा झाला. त्याचा गाभा असा. ऑस्बॉर्न चार वर्षे आरमाराचा सेनापती राहील. चिनी मालकीच्या सर्व युरोपीय बांधणीच्या जहाजांवर त्याचाच अधिकार चालेल. तो फक्त बादशहाचे हुकूम मानील, आणि तेही लेच्या मार्फत आले तरच. दुसऱ्या कोणत्याही वाटेने आलेला हुकूम तो मानणार नाही. आणि सर्वांत नामी कलम पुढेच आहे: एखादा हुकूम वाजवी आहे अशी लेची खात्री पटली नाही, तर तो हुकूम पुढे पोचवण्याचे ले नाकारू शकेल.

म्हणजे पाहा. पैसा चीनचा, युद्ध चीनचे, बोटी चीनच्या, खलाशांचे पगार चीनच्या जकातीतून. आणि हुकूम मात्र एका इंग्रज नोकराच्या मर्जीवर. हा नोकर आपल्या धन्याच्या आज्ञेची छाननी करणार आणि पसंत पडली तरच ती पुढे धाडणार! अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आम्ही असे गृहीत धरतो की, जो पैसे मोजतो तो वस्तूचा मालक होतो आणि मालकाला वस्तू हवी तशी वापरता येते. मीही हे वर्षानुवर्षे वर्गात शिकवले. परंतु वस्तू आणि तिच्यावरील सत्ता या दोन गोष्टी वेगवेगळ्या विकता येतात, किंबहुना एकीची किंमत घेऊन दुसरी स्वतःकडेच ठेवता येते, हे समजण्यासाठी बाजाराच्या आलेखांपेक्षा हा करारनामा अधिक उपयोगी आहे.

सप्टेंबर १८६३ मध्ये ऑस्बॉर्न शांघायला पोचला. तिथे त्याला वेगळेच फर्मान वाट पाहत असलेले आढळले. यामेनने उन्हाळ्यातच ठरवून टाकले होते की, आरमाराचा मुख्य सेनापती चिनी राहील, ऑस्बॉर्न त्याचा साहाय्यक असेल, आणि युद्धाच्या हालचाली त्या त्या प्रांताच्या सुभेदारांच्या, म्हणजे त्सेंग क्वो-फान आणि ली हुंग-चांग यांच्या सल्ल्याने होतील. ऑस्बॉर्न संतापला. तो पेकिंगला गेला. लेने यामेनशी वाद घातला, दमदाटीही केली. एखाद्या सभ्य गृहस्थाने आशियाई अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करावे ही कल्पनाच त्याला हास्यास्पद वाटत होती, आणि पुढे त्याने ते तितक्याच उघडपणे छापूनही टाकले. ऑस्बॉर्नचा आग्रह एवढाच होता की, ठरलेला करार पाळा, नाहीतर मी माणसे घेऊन परत जातो.

यामेनचे उत्तर मला अत्यंत महत्त्वाचे वाटते. आम्ही असा करार करण्याचा अधिकार कोणालाही दिला नव्हता, असे त्यांनी सांगितले. राजधानी तीन वर्षांपूर्वीच परकीयांनी जिंकलेली, उन्हाळी राजवाडा जाळलेला, खंडणी चालू असलेली, निम्म्या दक्षिणेत बंडखोरांचे राज्य. अशा स्थितीत एका दुबळ्या सरकारने आधीच मोजलेल्या लाखो टेलांवर पाणी सोडण्याची तयारी दाखवली, परंतु हुकमाचा मुद्दा सोडला नाही. नोव्हेंबरात ले बडतर्फ झाला आणि त्याच्या जागी हार्ट आला. आरमार विसर्जित करण्यात आले. ज्यासाठी ते आणले होते ते नानकिंग पुढल्या वर्षी, जुलै १८६४ मध्ये, त्सेंगच्या भावाने आपल्या हुनानी फौजेच्या बळावर घेतले.

येथे कोणी विचारील, मग त्सेंग आणि ली हे देशभक्त पुरोगामी होते की काय? मुळीच नव्हते. ते मोठे जमीनदारी सरदार होते. नानकिंगची लूट आणि विजयाचे श्रेय परक्याबरोबर वाटून घेण्याची त्यांची इच्छा नव्हती. पेकिंगच्या दरबाराला स्वतंत्र आरमार मिळाले तर आपले प्रांतिक महत्त्व घटेल, हेही त्यांना कळत होते. नानकिंग पडल्यावर जी कत्तल झाली ती अंगावर काटा आणणारी आहे. सार्वभौमत्वाचे रक्षण नेहमी शुद्ध हेतूंनीच होते असे नाही; पुष्कळदा ते मत्सरातून आणि स्वार्थातूनही होते. आपल्या चळवळीतील तरुणांना हे पचवणे जड जाते, याचा मला अनुभव आहे.

बोटींचे पुढे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा जगातले दुसरे यादवी युद्ध मध्ये आले. अमेरिकेत उत्तर व दक्षिण यांची लढाई चालू होती. या बोटी चीनच्या बाजारात विकल्या तर दक्षिणेचे दलाल त्या उचलतील आणि उत्तरेच्या व्यापारी जहाजांवर सोडतील, अशी भीती अमेरिकेचे वकील बर्लिंगेम यांना वाटत होती. जपानी सरदारांच्या हाती त्या पडतील, अशी दुसरी भीती होती. पहिली भीती पोकळ नव्हती. इंग्लंडात बांधलेली दक्षिणेची ‘अलाबामा’ ही बोट त्याच डिसेंबरात सिंगापूरला आली आणि जानेवारी १८६४ मध्ये आपल्या मलबार किनाऱ्याजवळ फिरून गेली. म्हणून ब्रिटिश वकील ब्रूस याच्या संमतीने असे ठरले की, बोटी पूर्वेकडे विकायच्याच नाहीत. काही इंग्लंडला न्यायच्या, काही मुंबईला.

त्या वेळची मुंबई कशी होती? याच अमेरिकन युद्धामुळे लँकेशायरला कापूस मिळेनासा झाला होता आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. बॅक बे भरणीच्या कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांवर गेला. अमेरिकेतील युद्ध संपताच १८६५ च्या जुलैत सारे कोसळले आणि जुनी बँक ऑफ बॉम्बे बुडाली. आणखी एक योगायोग असा की, मुंबईत मुख्य ठाणे असलेले ‘इंडियन नेव्ही’ हे कंपनीच्या काळापासूनचे आरमार ३० एप्रिल १८६३ रोजीच मोडीत काढण्यात आले होते. हिंदुस्थानच्या किनाऱ्याचे रक्षण आता ब्रिटिश नौदलच करणार होते. ज्या बंदराचे स्वतःचे आरमार नुकतेच संपवले होते, तिथे दुसऱ्या देशाचे न जन्मलेले आरमार विक्रीसाठी येऊन उभे राहिले.

ऑस्बॉर्न इंग्लंडला परतला, आणि थोड्याच काळात, १८६५ च्या सुमारास, ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीचा एजंट म्हणून पुन्हा मुंबईत आला. एजंट म्हणजे हिंदुस्थानातील कंपनीचा मुख्य कारभारी. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १८५३ मध्येच सुरू झाली होती. बोरघाट १८६३ मध्ये ओलांडला गेला होता आणि थळघाट १८६५ मध्ये. या कंपनीचा सरकारशी झालेला करार आठवा. भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी; नफा कमी पडला तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरून द्यावयाची. जोखीम इथल्या शेतकऱ्याची, जमीन सरकारने फुकट दिलेली, आणि संचालक मंडळ लंडनला. ही हमी म्हणजे उधळपट्टीला दिलेले उत्तेजन आहे, हे दादाभाई नौरोजी, न्यायमूर्ती रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी यांनी आकडेवारीसह दाखवून दिले. परंतु त्याहून मूलभूत मुद्दा हा की, पेकिंगला जो करार फेटाळला गेला, त्याच जातीचा करार मुंबईत बिनतक्रार चालू होता: पैसा एकाचा, हुकूम दुसऱ्याचा. ऑस्बॉर्नला हा फरक जाणवला असेल काय? मला वाटते, नसावा. त्याला तर मुंबईतली व्यवस्था हीच स्वाभाविक वाटली असणार. सरकारने ही रेल्वे १९०० साली विकत घेतली, तरी तिचे व्यवस्थापन कंपनीकडेच ठेवले. ते प्रत्यक्ष सरकारकडे आले १९२५ मध्ये.

लेचीही एक हकीकत सांगण्याजोगी आहे. १८७० च्या आसपास तो जपानात उपटला आणि टोकियो-योकोहामा रेल्वेसाठी दहा लाख पौंडांचे कर्ज मिळवून देतो म्हणाला. जपान सरकारशी त्याने बारा टक्क्यांनी करार केला आणि लंडनच्या बाजारात रोखे काढले नऊ टक्क्यांनी. मधले तीन टक्के कोणाचे, हे जपान्यांच्या लवकरच ध्यानात आले. त्यांनी लेला दूर केले आणि काम ओरिएंटल बँकेकडे दिले. ही बँक मुळात १८४२ साली मुंबईत ‘बँक ऑफ वेस्टर्न इंडिया’ या नावाने निघालेली होती. त्या काळच्या सगळ्याच आशियाई व्यवहारांचा धागा कुठे ना कुठे आपल्या शहरातून जातो, तो असा.

चीनच्या या नकाराकडे मी महाराष्ट्रातून पाहतो तेव्हा मला दोन तारखा आठवतात. नानासाहेब पेशव्यांना तुळाजी आंग्र्यांचा बंदोबस्त करावयाचा होता. घरचाच सरदार, परंतु जुमानत नव्हता. पेशव्यांनी इंग्रजांचे आरमार मदतीला घेतले. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला. आंग्र्यांचे आरमार वॉटसनच्या तोफांनी विजयदुर्गाच्या खाडीत जळून गेले. किल्ल्यातील लूट इंग्रजांनी वाटून घेतली. किल्लासुद्धा पेशव्यांना महिनोन्‌महिने मिळाला नाही. तुळाजी कैदेत गेला हे खरे, पण शिवाजी महाराजांनी उभारलेल्या परंपरेतले सर्वांत बलाढ्य आरमार त्या दिवशी संपले, आणि ते आम्ही आमच्या पैशाने व आमच्या संमतीने संपवले. दुसरी तारीख ३१ डिसेंबर १८०२. होळकरांनी हडपसरजवळ पराभव केल्यावर दुसरा बाजीराव पळाला आणि बोरिवलीपासून लोकलने तासाभराच्याही आत जिथे पोचता येते त्या वसईला त्याने तैनाती फौजेचा तह केला. सहा हजारांहून कमी नाही इतके इंग्रजी पायदळ, आणि त्याच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख. फौज पेशव्याची म्हणवली जाई. ती पेशव्याचा हुकूम किती मानत होती, हे १८१७ साली खडकीला दिसले.

बाजीरावाच्या नादानपणावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते चूक नाही. परंतु मला अधिक बोचते ते नानासाहेबांचे प्रकरण. बाजीराव निराधार होता. नानासाहेब तर वैभवाच्या शिखरावर होते. १८६३ च्या राजपुत्र कुंगपेक्षा ते कितीतरी बलवान होते. तरीही आरमाराचा हुकूम कोणाचा, हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटला नाही. शत्रू घरातला असला की, बाहेरच्याच्या अटी वाचण्याचे भान राहत नाही.

चीनचे पुढे सर्व मंगल झाले, असे मात्र समजू नका. हार्टने आपल्या परकीय अधिकाऱ्यांना १८६४ मध्ये लेखी बजावले की, आपण चिनी सरकारचे नोकर आहोत. तरीही तो १९११ पर्यंत त्या जागेवर राहिला, आणि शतकाच्या अखेरीस ती जकात परकीय कर्जांना व खंडण्यांना तारण म्हणून बांधली गेली. आरमार नाकारता आले. तिजोरी सोडवता आली नाही. बोटी घरीच बांधाव्यात म्हणून १८६६ मध्ये फूचौला गोदी निघाली. तिथेही परकीय तज्ज्ञ होते, प्रॉस्पर जिकेल हा फ्रेंच मुख्य होता; परंतु करार मुदतीचा होता आणि त्या मुदतीत चिनी माणसांना बोटी बांधायला व चालवायला शिकवण्याची अट त्यात होती. १८७४ मध्ये जिकेलचे काम आटोपले. ऑगस्ट १८८४ मध्ये फ्रेंचांशीच युद्ध जुंपले आणि फ्रेंच आरमाराने फूचौच्या नदीत त्या बहुतेक बोटी तासाभराच्या आत बुडवल्या. ज्यांनी शिकवले, त्यांच्याच देशाने.

गोदीला जोडून एक शाळा होती. ती मात्र बोटींप्रमाणे बुडाली नाही. तिच्या पहिल्या तुकड्यांतला येन फू नावाचा विद्यार्थी नौदलाच्या अभ्यासासाठी इंग्लंडला ग्रीनिचला गेला. दर्यावर्दी म्हणून त्याचे नाव झाले नाही. ॲडम स्मिथचा ‘राष्ट्रांची संपत्ती’ हा ग्रंथ चिनी भाषेत प्रथम आणला तो त्याने, १९०१-०२ साली. आणि भाषांतर करताना जागोजागी स्वतःच्या टिपा घातल्या.